तात्पर्याच्या पलीकडच्या कादंबऱ्या

शाळा-महाविद्यालयांतील पारितोषिक समारंभांना एक ठराविक भाषण कधीच चुकत नाही. पाहुणे उठतात, मुलांनी थोर कादंबऱ्या वाचाव्यात असे सांगतात आणि त्यांतून कुटुंबप्रेम, मैत्री, सचोटी इत्यादी संस्कार आपोआप घडतात अशी ग्वाही देऊन बसतात. टाळ्याही पडतात. परंतु ज्या कादंबऱ्यांची नावे अशा भाषणांत घेतली जातात, त्या खरोखर उघडून बसले की काही निराळेच हाती लागते. त्यांतली कुटुंबे बहुधा सुखी नसतात. मैत्री अनेकदा संकटात उपयोगी पडत नाही. सचोटीने वागणारा माणूस शेवटी जिंकतोच असेही नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या ही पुस्तके टिकून राहिली ती कशाच्या बळावर, हा प्रश्न भाषणे करणाऱ्यांनी स्वतःला फारसा विचारलेला दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून ‘अभिजात’ हा शब्द तर व्यासपीठावरून सढळ हाताने वापरला जातो आहे. तेव्हा हा प्रश्न विचारण्यास ही वेळ वाईट नाही.

‘श्यामची आई’ हेच पुस्तक प्रथम घ्यावे, कारण संस्कारांच्या नावाखाली सर्वांत जास्त राबवले गेलेले पुस्तक तेच आहे. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले, बहुतांश भाग अवघ्या काही दिवसांत. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढच्या वर्षी पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. याला कादंबरी म्हणावे की आत्मकथन, हा वाद समीक्षकांनी खुशाल घालावा. वाचकांनी ते कादंबरीसारखेच वाचले आहे.

या पुस्तकाची जी प्रतिमा रूढ झाली आहे ती एका मंगल, वात्सल्यमय घराची. प्रत्यक्षात हे एका मोडत जाणाऱ्या घराचे चित्र आहे. भाऊबंदकीत वाटण्या होतात, राहते घर सोडून झोपडीवजा घरात जावे लागते, कर्ज वाढत जाते, सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो, गावात अब्रूचे धिंडवडे निघतात. शेवटी आई खंगून मरते, आणि जिच्या मायेची एवढी थोरवी सांगितली त्या आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नसतो. सगळी कथा सांगणारा श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, ती अभिमानाने सांगत नाही. त्याच्या स्वरात पश्चात्ताप आहे. आपण तिला त्रास दिला, खोटे बोललो, पैसे चोरले, पोहायला भिऊन माळ्यावर लपून बसलो, हे तो एकामागून एक कबूल करतो. संस्कार झालेल्या मुलाचे आत्मवृत्त म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती दिले जाते. वस्तुतः संस्कार उशिरा कळलेल्या मुलाची ती कहाणी आहे. मुलांना ते पुस्तक जवळचे वाटते ते यामुळेच. निर्दोष श्यामशी कोणाचेच नाते जुळले नसते.

अळणी भाजीचा प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते, आणि वडील ती भाजी चांगली झाली असे म्हणून मुकाट्याने खातात. मागाहून स्वतः जेवायला बसल्यावर आईच्या ध्यानात चूक येते. या प्रसंगावर ‘यावरून काय बोध होतो?’ असा दोन गुणांचा प्रश्न सहज काढता येतो, आणि ‘दुसऱ्याचे मन दुखवू नये’ हे उत्तरही तयार असते. पण प्रसंगाचे सारे मर्म आईला वाटलेल्या हळहळीत आहे. वडील गोड बोलले म्हणून ती सुखावत नाही. आपल्या हातून झालेली चूक दुसऱ्याने गिळली, याचे तिला वाईट वाटते. दोघेही एकमेकांना जपतात, आणि त्या जपण्यात दोघांनाही थोडे सोसावे लागते. संसार म्हणजे काय, हे ह्याहून कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. दोन गुणांच्या उत्तरात मात्र त्यातले काहीच उतरत नाही.

याच पुस्तकात आणखी एक प्रकरण आहे, ज्याकडे भक्तिभावाने पाहणारे आणि हेटाळणीने पाहणारे असे दोघेही घाईने पाहतात. एका महार म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. ती उचलून द्यायला कोणी जवळ येत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर. या शेवटच्या वाक्यावर आजचा विद्यार्थी अडखळतो, अडखळलाच पाहिजे. आईची करुणा खरी आहे, आणि तिच्या काळाने घातलेले कुंपणही खरे आहे. लेखकाने आईला थोर दाखवण्यासाठी ती आंघोळ गाळली असती तर कोणाला कळले नसते. त्याने ती गाळली नाही. आणि पुस्तक लिहिल्यानंतर चौदा वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, त्याच लेखकाने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. आईने मोळीपर्यंत आणून सोडलेला मुलगा देवळाच्या दारापर्यंत गेला. आईवडिलांची शिकवण पाळणे याचा अर्थ ते जिथे थांबले तिथेच थांबणे असा नाही, हे ज्यांना वर्गात समजावून द्यायचे असेल त्यांना ह्याहून चांगले उदाहरण मराठीत शोधावे लागणार नाही. पण त्यासाठी ते प्रकरण ‘दयाळू आई’ या मथळ्याखाली न शिकवण्याचे धाडस हवे.

यमूचे घर

‘श्यामची आई’ घराचे सामर्थ्य दाखवते, तर हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्याच घराचे दुसरे अंग दाखवते. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते. त्यात ही कादंबरी क्रमशः येत गेली आणि १८९३ पर्यंत ती पूर्ण झाली. यमू नावाच्या ब्राह्मण विधवेने स्वतःच आपली हकीकत लिहावी, अशी तिची रचना. तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. मुलीचे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ मध्ये झाला आणि पुण्यात त्यावरून केवढे रण माजले हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. दोन्ही बाजूंचे पुरुष धर्मशास्त्र आणि सरकारचा अधिकार यांवर कंठशोष करीत होते. त्याच वेळी एका साप्ताहिकातून, दर आठवड्याला थोडी थोडी, एक मुलगी आपल्या घरातल्या गोष्टी सांगत होती.

यमूच्या घरात राक्षस नाहीत. तापट वडील आहेत, सोशीक आई आहे, जीव लावणारा भाऊ आहे. आई गेल्यावर वडील पुन्हा लग्न करतात, ते लोकरीतीला धरूनच. सासरी शंकरमामंजी नावाचे जे गृहस्थ आहेत ते देवधर्म करणारे, बाहेर मान असलेले. यमूचा नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो, तिला मुंबईस नेतो, आणि काही काळ तरी दोन माणसे एकमेकांशी बरोबरीने बोलू शकतील असा संसार उभा राहतो. तो मरताच ते सारे एका क्षणात नाहीसे होते. शंकरमामंजी यमूचे सक्तीने केशवपन करवितात. या सगळ्या प्रवासात कोणी कायदा मोडीत नाही. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा तर १८५६ सालीच झाला होता, म्हणजे यमूची कथा छापली जाऊ लागली तेव्हा त्याला ३४ वर्षे होऊन गेली होती. घरातल्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे कायद्याच्या कलमांत मावत नाही, त्यासाठी यमू लागते.

यमूची मैत्रीण दुर्गी हिच्याविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे. बालपणीची ही सखी. तिच्या वाट्याला व्यसनी, मारझोड करणारा नवरा आला. यमू तिला सोडवू शकत नाही. दुर्गीही यमूला वाचवू शकत नाही. दोन असहाय मुलींची ही मैत्री कोणत्याच अर्थाने ‘उपयोगी’ नाही, तरी कादंबरीतून ती काढून टाकली तर यमूची कथा तिच्या एकटीची रडकथा उरेल. दुर्गीमुळेच वाचकास कळते की हे एका घराचे दुर्दैव नव्हे. शिवाय ज्या काळी मुलीचे लग्न झाले की तिचे माहेरचे सगळे धागे तुटत, त्या काळी एकीने दुसरीचे दुःख ऐकून घेतले आणि लक्षात ठेवले, एवढीच मैत्री शक्य होती. हरिभाऊंनी ती तेवढीच दाखवली, फुगवली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ‘करमणूक’ वाचून डोळे पुसणाऱ्या घरांतच केशवपने होत राहिली. महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना बहिष्काराचीच वागणूक दिली. कादंबरी वाचून माणूस चांगला होतो असे म्हणणे धाडसाचे आहे, आणि वाचनसंस्कृतीचा उदोउदो करणाऱ्यांनी ते जरा जपून म्हणावे. कादंबरी एवढेच करते की ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब ती काढून घेते. यमूचे बोलणे एकदा ऐकल्यावर घरातल्या विधवेकडे पूर्वीसारख्या बेफिकिरीने पाहता येत नाही. पाहिलेच तर मन खाते. त्या मन खाण्याचे पुढे काय करायचे, हे वाचकावर आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. इतर असंख्यांनी काही केले नाही.

मास्तर आणि गाव

शिक्षकांना जवळची वाटावी अशी कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तिथे त्याची माणसे जोडली जातात: म्हातारा कारभारी, चोर म्हणून ओळखला जाणारा आनंदा रामोशी, पोरका आयबू. ही मैत्री कोणी ठरवून केलेली नाही. मास्तर कोणाचा कागद वाचून देतो, कोणाचे काम तालुक्याच्या गावी करून आणतो, आणि हळूहळू वाडीचा होतो. तो केवढा नाजूक धागा आहे हे एका चोळीवरून कळते. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरला गावाहून चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर सरळ मनाने आणतो, आणि म्हाताऱ्याच्या मनात किंतू शिरतो. कोणीच खोटे वागलेले नसते, तरी अबोला धरला जातो. परक्या गावी नोकरी केलेल्या प्रत्येक शिक्षकाला आणि कारकुनाला ह्या अबोल्याची ओळख पटेल.

मास्तरच्या पुढाकाराने वाडी तालीम बांधते, राजेसाहेब येऊन ती उघडतात. सुधारणेची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाने कादंबरी इथेच संपवली असती. माडगूळकर संपवीत नाहीत. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते. बैल मिळत नाही म्हणून नवऱ्याबरोबर स्वतः जुवाला लागणारी बाई ज्या वाडीत राहत होती, ती वाडीच उठून जाते. मास्तरचे श्रम फुकट गेले की नाही, हे लेखक सांगत नाही.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६२) याही अशाच निर्दय प्रामाणिक कादंबऱ्या. वऱ्हाडातली कौतिक आणि कोकणातली, जिला लेखकाने नावही दिले नाही अशी ती बाई, दोघीही मुलांसाठी आणि घरासाठी पडेल ते कष्ट उपसतात, आणि दोघींच्याही वाट्याला अखेर येते ती उद्ध्वस्तताच. मातेच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांनी ह्या दोन कादंबऱ्या वाचाव्यात. त्याग कोणाकडून आणि कोणत्या भावाने वसूल केला जातो, याचा हिशेब त्यांत आहे.

दुर्दैव असे की विद्यार्थ्यांच्या हाती या कादंबऱ्या येतात त्या उताऱ्यांच्या रूपाने. मोळी उचलून देण्याचा उतारा येतो, कर्जाचा अपमान येत नाही. तालीम बांधल्याचा येतो, दुष्काळाचा येत नाही. उताऱ्याखाली प्रश्न असतात, प्रश्नांची उत्तरे बाजारातल्या मार्गदर्शकांत असतात, आणि पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद असते. दोष केवळ शिक्षकांचा नाही. अभ्यासक्रम संपवण्याची घाई, परीक्षांची गर्दी आणि शाळाबाह्य कामांचा बोजा यांत सबंध कादंबरीला जागा कुठून काढायची, हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

तरी एक वाट मोकळी आहे, आणि तिला शासकीय परिपत्रकाची गरज नाही. साने गुरुजींचे पुस्तक मुळातच ‘रात्रीं’मध्ये विभागलेले आहे. एकेक रात्र मोठ्याने वाचायला थोडाच वेळ लागतो. परिपाठानंतर रोज एक रात्र वाचली तर एका सत्रात सारे पुस्तक संपते, आईच्या मृत्यूसकट. हरिभाऊंची कादंबरी मोठी आहे, पण तीही मुळात आठवड्याच्या हप्त्यांनी वाचली जावी म्हणूनच लिहिली गेली होती. दोघांच्याही पुस्तकांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या काढण्यास कोणाची आडकाठी नाही. आणि वाचून झाल्यावर वर्गाला प्रश्न विचारायचाच असेल तर बोध काय झाला असे न विचारता, श्यामच्या आईने मोळी उचलल्यावर आंघोळ करायला का सांगितले, असे विचारून पाहावे, आणि मुले काय बोलतात ते ऐकत बसावे.