आडव्या डब्यातला ४८६

४८६ संगणक आज नव्याने जुळवायचा, तर मॉनिटरखाली मावणारी चपटी डेस्कटॉप केसच त्याला शोभते, आणि हा निव्वळ हौसेचा मामला नाही. ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स-२ जेमतेम पाच-सहा वॅट वीज खातो. २००४ सालचे पेंटियम ४ शंभर वॅटच्या घरात गेले. मोठाले पंखे ही त्या उष्णतेची गरज. चपट्या केसमध्ये मदरबोर्डावर रायझर कार्ड उभं राहतं, साउंड कार्ड त्यात आडवं शिरतं आणि उंची वाचते. दोन-तीनच कार्डं मावतात, ही अडचण मात्र खरी.

एवढी खटपट कशाला, डॉसबॉक्स हा एम्युलेटर फुकट आहे की, असं कुणीही म्हणेल. खेळांपुरतं ते बहुतांशी बरोबर. पण टर्बो पास्कलमधले कितीतरी प्रोग्राम सुरू होताना ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजतात आणि त्या आकड्याला ५५ने भागतात. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळतो. एम्युलेटरचा वेग कमी करून हे टळतं, कबूल; पण प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण आयएसए कार्डावर चालत असेल, तर तिथे खराखुरा स्लॉटच हवा. बोर्ड टिकेल का, हा आक्षेप जास्त वजनदार. त्यावरची निळी, पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते, म्हणून ती आधी काढावी. पॉवर सप्लायचे पी-८, पी-९ हे कनेक्टर जोडताना काळ्या तारा मध्ये शेजारी-शेजारी याव्यात. अदलाबदल झाली तर बोर्ड गेलाच समजा.