लर्निंगची परीक्षा: आधी आकार ओळखा

पांढुर्णा-सौंसरच्या पोरापोरींनो, लर्निंग लायसन्ससाठी आता एजंटाच्या मागे फिरायची गरज नाही. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल हाताशी असला, की सारथी पोर्टलवर परीक्षा घरीच देता येते.

बहुतेकांची गाडी अडते ती चिन्हांवर. पाठांतर करू नका, आकार बघा. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती. फक्त दोन अपवाद: ‘थांबा’ अष्टकोनी, आणि उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या.

घाटाचा प्रश्न तर आपल्या हक्काचा! सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाट लागतो ना? अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. (आपल्याकडे आधी जातो तो ट्रॅक्टर, पण परीक्षेत तसं लिहू नका.)

लर्निंग 6 महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर. तोवर गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा. आणि हो, बाईकवर मागे मित्राला बसवायचं नाही. शिकवणारा लायसन्सवाला असेल तरच.