शेतातली विविधता आणि ताटातली

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, की शेतकऱ्याने चार-पाच पिकं घेतली म्हणजे अन्नसुरक्षा आपोआप येईल ना? आम्ही तत्त्वज्ञानाचे, शेतीतलं आमचं ज्ञान वाचनापुरतंच. पण त्यातल्या ‘आपोआप’ या शब्दाशी आम्ही अडखळलो.

देशाचा विचार केला तर पुरावा भक्कम आहे. रनार आणि टिल्मन यांनी 2019 साली 91 देशांमधल्या 176 पिकांची पन्नास वर्षांची आकडेवारी तपासली. जिथे पिकं अधिक प्रकारची, तिथे देशाचं एकूण उत्पादन कमी डळमळतं. एका पावसाने सगळीच पिकं एकदम बुडत नाहीत, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं.

पण देशाला लागू पडतं ते घराला लागू पडेलच असं नाही. सिभातू, कृष्णा आणि कैम यांनी 2015 साली इंडोनेशिया, केनिया, इथिओपिया आणि मलावी इथल्या छोट्या शेतकऱ्यांची घरं अभ्यासली. शेतात पिकं वाढली की जेवणातले प्रकार काही ठिकाणी वाढतात, सगळीकडे नाही. बाजार जवळ असणं अनेकदा जास्त उपयोगी पडतं. अलीकडचं संशोधन म्हणूनच शेताइतकंच ताट मोजू लागलं आहे.

आता आपल्याकडे या. ज्वारीत तुरीच्या ओळी, कडेला अंबाडी. एकाच रानातून भाकरी, वरण, भाजी, शिवाय जनावरांना कडबा. त्या जागी बऱ्याच ठिकाणी सोयाबीन आलं. ते विकायचं, घरात शिजवायचं नाही. हाती पैसा येतो, आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. म्हणजे उत्पन्न वाढत असतानाच ताट आखडू शकतं.

तेव्हा जुनं तेच खरं, असं म्हणायचं का? थांबा. 1972 च्या दुष्काळात ज्वारीही वाळली आणि तूरही. माणसं तगली ती दुष्काळी कामांवरच्या मजुरीने आणि बाहेरून आलेल्या धान्याने. ती लाल मिलो खाल्लेले कुणी इथे असतील, तर चव त्यांनाच विचारा! अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ग्रंथात हेच मांडलं: धान्य असणं वेगळं आणि ते मिळवण्याची ऐपत असणं वेगळं.

म्हणून त्या श्रोत्याला आमचा उलट प्रश्न आहे. शेतकऱ्याला तूर पेरा म्हणून सांगायचं आणि काढणीच्या वेळी भाव पडला, तर तोटा कुणी सोसायचा? हमीभाव तुरीलाही जाहीर होतो, पण सरकारी खरेदीचा मोठा वाटा आजही गहू आणि भाताचाच असतो.