वाडगा कातताना उलटा लागणारा रेषा

उपसते कुठे?

वाडग्याचा ठोकळा लेथवर बहुधा असा बसवतात की तंतू फिरण्याच्या अक्षाला काटकोनात राहतात. त्यामुळे एका फेऱ्यात हत्यार दोनदा सुलट रेषेतून जाते आणि दोनदा उलट रेषेतून. भिंतीवर समोरासमोर दोन खरखरीत, उपसलेले पट्टे दिसतात ते यामुळेच. तेवढ्यासाठी लाकडाला नावे ठेवू नयेत.

शिसव, कडुनिंब, कधीकधी आंबाही याहून अवघड. या लाकडांत थराथराने तंतूंचा कल उलटसुलट होतो, त्यामुळे सुलट भागातही रेषा निघून येतो. गाठीभोवती आणि फांदीच्या बेचक्यात तर तो सगळीकडे वळलेला असतो. सर्वांत देखणी नक्षी नेमकी तिथेच मिळते, म्हणून हे शिकण्याचे कष्ट घ्यावेत असे मला मनापासून वाटते.

कापण्याची दिशा

बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे कापावी, आतली काठाकडून बुडाकडे. अशाने कापल्या जाणाऱ्या तंतूखाली लांब तंतूंचा आधार राहतो. आधार नसला की तंतू कापला जाण्याऐवजी मुळापासून ओढला जातो.

धार आणि वेग

शेवटचा हात फिरवण्याआधी गाऊजला पुन्हा धार लावावी, आधीची चांगली वाटत असली तरी. सागात सिलिका असल्याने धार फार लवकर जाते. धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला ठेवून केसासारखी बारीक साल काढायची, हात सावकाश पुढे न्यायचा. वेगाचा ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे 6000 ते 9000 च्या दरम्यान यावेत. म्हणजे 10 इंची वाडग्याला 600 ते 900 फेरे. ठोकळा तोलात नसेल तर त्याहून कमी.

तरीही ऐकत नसेल तर

स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ चपडा त्या जागी लावून वाळू द्यावा. सैल तंतू ताठ होतात आणि धारेला उभे राहतात. नुसत्या पाण्याच्या फडक्यानेही पुष्कळदा काम भागते. मग बाहेरच्या बाजूला स्क्रेपर सपाट न धरता साधारण 45 अंशांत तिरपा धरून अलगद फिरवावा. पिठासारखा भुसा न पडता मऊ, कुरळी साल सुटू लागली की धार बरोबर लागली.

पॉलिश पेपरवर भिस्त नको

खोल उपसलेली जागा फिरत्या वाडग्यावर दाबून घासली की आडव्या रेषेचा भाग लवकर झिजतो, टोकाचा रेषा कमी झिजतो आणि गोलाई बिघडते. 80 नंबरचा पेपर लावावाच लागला तर लेथ थांबवून हाताने लावावा. शिसवाची धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, मास्क हवाच. गाठीच्या ठोकळ्यात आत दडलेली भेग असू शकते, त्यामुळे पूर्ण चेहरा झाकणारे कवच लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये.