मैहरचा अनाथ-वृंद

गायनवादनाच्या इतिहासाचीं साधनें पाहूं लागलें म्हणजे दरबारच्या नेमणुका आणि घराण्यांच्या वंशावळी हींच बहुधा हातीं येतात. ज्यांस घराणें तर नाहींच, पण घरही उरलें नाहीं, अशा मुलांस त्यांत स्थान मिळावें कसें? मैहरचा वाद्यवृंद हा या नियमास अपवाद आहे. म्हणून त्याची हकीकत जिज्ञासूंपुढें मांडतों.

मैहर हें बघेलखंडांतील एक लहानसें संस्थान होतें. हल्लीं तो मुलूख मध्य प्रदेशांत मोडतो. शारदादेवीच्या टेकडीमुळें यात्रेकरूंस तें पूर्वीपासून परिचित आहे. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. मैहरांतही कित्येक मुलें पोरकीं झालीं. त्या सुमारास महाराज ब्रजनाथसिंह यांच्या पदरीं उस्ताद अल्लाउद्दीनखां हे होते. त्यांनीं हीं मुलें जमवून, महाराजांच्या आश्रयानें, एक वाद्यवृंद उभा केला. तोच पुढें ‘मैहर बँड’ या नांवानें प्रसिद्धीस आला.

अशा पोरांस दोन वेळचें अन्न घालूनही संस्थानास कर्तव्यमुक्त होतां आलें असतें. खांसाहेबांनीं त्यांस विद्या दिली, हें विशेष. आणि तें त्यांनींच कां करावें, याचा उलगडा त्यांच्या पूर्वचरित्रांत सांपडतो. पूर्व बंगालांतील शिवपूर गांवचा हा मुलगा गाण्याच्या नादानें लहानपणींच घर सोडून कलकत्त्यास गेला व तेथें अन्नछत्रावर जगला. तेथेंच पुढें गोमंतकीय बँडमास्तर लोबो यांजपाशीं तो व्हायोलिन शिकला. रामपुरास तानसेनाच्या परंपरेंतील वजीरखां यांजकडून विद्या मिळण्यास मात्र त्यास फार काळ तिष्ठावें लागलें; कारण अस्सल विद्या पुत्रपौत्रांकडेच जावी, असा तेव्हांचा शिरस्ता. ज्यानें हें दार ठोठावीत दिवस काढले, त्यानें तें निर्वंश पोरांस उघडून दिलें.

भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यसमूहास ‘कुतप’ अशी संज्ञा आहे. तेव्हां वृंदवादन आपणांस नवें नव्हे. मैहरच्या कुतपांत इसराज व तबला यांच्या शेजारीं व्हायोलिन आणि चेलो हीं वाद्यें बसलीं. ‘नलतरंग’ तर खांसाहेबांनीं स्वतःच निर्मिलें. बंदुकांच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापून ओळीनें मांडल्या. नळी जितकी आंखूड, तितका स्वर उंच. पोकळ नळी पाहून कोणी यास सुषिर वाद्य म्हणेल. परंतु येथें फुंकर नसून आघात आहे, सबब त्याची गणना घनवाद्यांतच केली पाहिजे. जी नळी प्राण घ्यावयाची, तिच्यावर मृत्यूनें पोरकीं केलेलीं मुलें राग वाजवूं लागलीं, हा योग बाणभट्टासही सुचला नसता!

शिक्षण मात्र सौम्य नव्हतें. खांसाहेबांचा संताप सर्वश्रुत आहे. त्यांच्याच शिस्तींत १९३८ सालीं रविशंकर शिकावयास आले. अनाथ म्हणून स्वरांत कांहीं सूट मिळाली नाहीं, आणि माझ्या मतें या मुलांचा खरा मान तोच होय. दया करणारा मनुष्य बेसूर खपवून घेतो.

आपल्याकडील पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तेथेंही गरीब विद्यार्थ्यांस ठेवून घेऊन वर्षानुवर्षें शिकविलें जाई. पुढें मुंबईस हलाखींतून आलेले ओंकारनाथ ठाकूर त्यांचेच शिष्य. तथापि पलुसकरांचे शिष्य गायक वा शिक्षक होऊन देशभर पांगले. मैहरचीं मुलें एकत्र राहिलीं, आणि त्यांतील कित्येक प्रौढपणींही त्याच वृंदांत वाजवीत होते. पहिल्या मार्गानें विद्येचा प्रसार अधिक झाला, हें निर्विवाद. पण ज्यांस परतावयास घर नव्हतें, त्यांस दुसरा मार्ग अधिक मानवला असावा.

पुढें संस्थान विलीन झालें. १९७२ सालीं खांसाहेबही निवर्तले. वृंदांतील जुने वादक जाऊन नवे आले. नलतरंग अद्याप त्यांत वाजतें.