करड्या रंगाची पट्टी

कलामहाविद्यालयाच्या पायाभूत वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी रंगांच्या ज्या ओढीने येतो, तिला पहिला लगाम बसतो तो रंगसिद्धांताच्या तासाला. कारण तांबड्यानिळ्या बाटल्या पेटीतच ठेवून, काळा आणि पांढरा हे दोनच पोस्टर रंग घेऊन, नऊ चौकोनांची एक पट्टी रंगविण्याचे फर्मान तेथे त्याच्या हाती पडते. एका टोकाला शुद्ध पांढरा, दुसऱ्या टोकाला शुद्ध काळा, आणि मधल्या सात चौकोनांत करड्या छटांची अशी उतरण, की कोणत्याही दोन शेजाऱ्यांमधले अंतर डोळ्यांना सारखे वाटावे, एवढीच अट. बाहेरच्या माणसाला हे एका सकाळचे काम वाटेल. परंतु हा वर्ग घेत असताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या परीक्षांत अव्वल श्रेणी मिळवून आलेली मुलेही ह्या पट्टीपाशी दिवसचे दिवस अडून राहतात, आणि त्या अडण्यातच ह्या अभ्यासाचे सारे मोल साठविलेले आहे.

ती अडतात, कारण ती हिशेबाने चालू लागतात. सात भाग पांढऱ्यात एक भाग काळा, मग सहा भागांत दोन, अशी सरळ त्रैराशिकाची वाट धरली, की दुसराच चौकोन गडद होऊन बसतो आणि काळ्या टोकाकडचे चार-पाच चौकोन एकमेकांपासून ओळखू येईनासे होतात. काळ्या रंगद्रव्याचा जोर पांढऱ्याच्या मानाने फार मोठा असतो, हे एक कारण. दुसरे कारण मात्र बशीत नसून दृष्टीत आहे. प्रकाशाच्या प्रमाणात डोळ्याची संवेदना सरळ वाढत नाही. बोस्टनचे चित्रकार आणि अध्यापक अल्बर्ट मन्सेल ह्यांनी १९०५ साली रंगांच्या नोंदीची जी पद्धती प्रसिद्ध केली, तिच्या पुढे सुधारलेल्या मोजमापांत काळ्यापांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटणारा करडा रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा निम्मा हिस्सा नव्हे, तर जेमतेम एक पंचमांश परत पाठवितो. हा आकडा मी वर्गात पट्टी पुरी होईपर्यंत सांगत नाही. जे डोळ्याने कमवायचे ते आधी कानाने मिळाले तर त्याची किंमत राहत नाही, असे मला वाटते.

योग्य रीत संथ आहे. पांढऱ्या रंगाची गोळी बशीत घ्यायची आणि तिच्यात ब्रशाच्या टोकाने काळा रंग उतरवायचा. काळ्यात पांढरा ओतीत गेले तर बाटली रिकामी होते आणि छटा हाती लागत नाही. दोन टोके रंगविल्यावर शेजारच्या चौकोनाकडे न जाता प्रथम मधला, पाचवा चौकोन शोधायचा, मग तिसरा आणि सातवा, आणि शेवटी उरलेले चार. प्रत्येक मिश्रण आधी चिठोऱ्यावर लावून वाळू द्यावे लागते, कारण पोस्टर रंग ओला असताना खरी साक्ष देत नाही: गडद छटा वाळल्यावर थोडी उजळते, फिकट छटा किंचित खाली उतरते. वाळलेली चिठोरी कातरून ओळीने मांडायची, उभे राहून चार पावले मागे जायचे, डोळे किलकिले करून कोठे उडी पडली आहे आणि कोठे सांधा पुसला गेला आहे ते पाहायचे, आणि पुन्हा बशीकडे वळायचे. बोलका वर्ग ह्या वेळी आपोआप शांत होतो.

पट्टी जमत आली, की एक तक्रार हटकून येते. चौकोन सपाट लागला नाही, कडेला डाग पडला आहे, असे सांगत विद्यार्थी कागद घेऊन येतो. आणि खरोखरच, फिकट शेजाऱ्याकडची कड अधिक गडद आणि गडद शेजाऱ्याकडची कड अधिक उजळ दिसत असते, जणू प्रत्येक चौकोन खांबावरच्या पन्हळीसारखा खोलगट आहे. मी दोन कोरे कागद घेऊन दोन्ही बाजूंचे शेजारी झाकतो. मधला चौकोन तत्क्षणी सपाट होतो. कागद उचलतो, पन्हळ परत येते. मुलीमुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आश्चर्य उमटते, त्याच्यासाठी मी हा सारा व्याप आनंदाने करतो. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल ह्यांच्याकडेही अशीच तक्रार आली होती, की काळ्या सुताचा रंग फिका पडतो. तपासाअंती त्यांना आढळले, की दोष रंगात नव्हता, शेजारी विणलेल्या निळ्याजांभळ्या सुतांत होता, आणि त्या शोधातून १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा त्यांचा ग्रंथ निर्माण झाला. रंगाला स्वतःची अशी कायम दौलत नसते. शेजारी देईल तेवढीच असते.

मग पेटीतले रंग बाहेर निघतात, आणि प्रत्येकाने पट्टीवर आपली जागा शोधावयाची असते. पिवळा वरच्या पायऱ्यांवर बसतो, जांभळा तळाशी जातो, ह्यात कोणाला नवल वाटत नाही. तांबडा मात्र सर्वांना फसवितो. तो इतका तेजस्वी भासतो, की बहुतेक मुले त्याला पिवळ्याच्या शेजारी बसवितात, आणि डोळे किलकिले करताच तो मध्याच्याही खाली घसरतो. सावंतवाडीचे, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले सावळाराम हळदणकर ह्यांनी जलरंगात केलेले, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले समईवालीचे चित्र पाहणाऱ्याला ज्योतीचा उजेड खरा वाटतो. कागदाहून अधिक उजळ असे तर चित्रकारापाशी काहीच नसते, त्याने सभोवतालच्या छटा किती काटेकोरपणे खाली उतरविल्या असतील, ह्याची जाणीव ही पट्टी रंगविलेल्या विद्यार्थ्याला जेवढी होते तेवढी इतरांना होणे कठीण.

१८५७ साली सुरू झालेल्या त्या कलाशाळेच्या परंपरेत हे शिक्षण प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश रेखाटण्याच्या तालमीतून मिळे. वस्तू बाजूला ठेवून केवळ छटेचाच अभ्यास करण्याची पद्धत १९१९ नंतर जर्मनीतल्या बाउहाउस संस्थेत योहानेस इटेन ह्यांच्या प्राथमिक वर्गाने रूढ केली, आणि आपल्या पायाभूत वर्षावर तिची छाया स्पष्ट आहे. अलीकडे काही ठिकाणी ही पट्टी संगणकावर करून घेतात. तेथे आकडे भरताच नऊ चौकोन क्षणात आणि बिनचूक उभे राहतात. पण त्या अचूकतेत विद्यार्थ्याच्या नजरेचा काहीही वाटा नसतो, आणि पुढे वस्तुचित्राला बसल्यावर पितळी तांब्याच्या पोटावरची सावली कोणत्या पायरीची, हे त्याला कोणताही आकडा सांगत नाही. म्हणून अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की संगणकाचे तास खुशाल वाढवावेत, परंतु ते ह्या पट्टीच्या तासांतून कापून घेऊ नयेत. आणि मूल्यमापनाच्या वेळी पुऱ्या झालेल्या शीटबरोबर ती वाया गेलेली, वाळलेली, कातरलेली चिठोरीही मागवून तपासावीत.