जव्हार-मोखाड्याचा अंधार आणि पहिली दुर्बीण

मुंबई-ठाण्याकडील हौशी आकाशनिरीक्षक अमावास्येच्या आगेमागे वांगणीपर्यंत प्रवास करून, रात्र जागून जो अंधार पदरात पाडून घेतात, त्याहून गडद अंधार जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील रहिवाशास, पावसाळा वगळता, स्वतःच्या अंगणात विनासायास लाभतो. परंतु जमाबंदीच्या कोणत्याही दप्तरात नोंद नसलेल्या या मालमत्तेची योग्य किंमत अद्याप कोणी केलेली दिसत नाही. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती अशाच अंधाराच्या बळावर. जव्हारच्या पठारावरून नैर्ऋत्येस वसई-विरार व मुंबईच्या उजेडाचा फिकट पट्टा जाणवतो, मोखाड्याहून पूर्वेस नाशिकचा. पण माथ्यावरचे आकाश शाबूत आहे, आणि ज्याला पहिली दुर्बीण घ्यावयाची आहे त्याने आपल्या मुलखाची ही जमेची बाजू ध्यानात घेऊनच निवड करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चंद्र, गुरू व शनी हे मुंबईच्या गच्चीवरूनही तितकेच चांगले दिसतात. अंधाराचे खरे दान निराळे आहे: तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका. सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका मार्गशीर्षाच्या आरंभी येथे नुसत्या डोळ्यांस पुसट ढगासारखी जाणवते. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा विशाल तारकागुच्छ पॅरिस किंवा लंडन येथून कधीच उगवत नाही. जव्हारचे अक्षांश सुमारे २० अंश असल्यामुळे येथे तो चैत्र-वैशाखात दक्षिण क्षितिजापासून बावीस अंशांपर्यंत चढतो. मात्र त्याच दिवसांत राब भाजण्याचा धूर क्षितिजालगत साचलेला असतो, म्हणून वळवाची सर येऊन गेल्यानंतरची रात्र साधावी.

पैसे खर्चण्यापूर्वी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी काढणे हितावह. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास मृग नक्षत्र नावाने परिचित असते. पण जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असल्यामुळे त्याचे तारे उजेडात लोपलेले असतात, आणि त्यांची खरी भेट पौष-माघाच्या रात्री घडते. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांवरून एकीकडे व्याध व दुसरीकडे रोहिणी सापडते. दक्षिणेस खाली अगस्त्य असतो. उत्तरेस ध्रुव अक्षांशाइतकाच, म्हणजे वीस अंश वर असतो. इतकी ओळख झाल्यावर प्रथम १० × ५० ची द्विनेत्री घ्यावी. अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुलीच्या सुमारे पन्नासपट प्रकाश तिचे प्रत्येक भिंग गोळा करते, आणि बाजेवर उताणे पडून कृत्तिका पाहावयास तिच्याइतके सोयीचे साधन मला ठाऊक नाही.

दुर्बीण घेताना जाहिरातीतील ‘पाचशे पट’, ‘सहाशे पट’ या आकड्यांवर इतबार ठेवू नये. दुर्बिणीचे सामर्थ्य तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेल्यास प्रतिमा केवळ मोठी व मळकट होते, म्हणून ६० मिलिमीटरच्या भिंगास १२० पट हीच हद्द. त्या भिंगाहून १५० मिलिमीटरचा आरसा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो. अंधाऱ्या मुलखात हा प्रकाशच हवा. यास्तव जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेल्या साध्या लाकडी बैठकीवरील १३० किंवा १५० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण मी सर्वांत योग्य मानतो, कारण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात डळमळणाऱ्या बारीक तिवईवर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट दाखविते, १० मिलिमीटरची १२० पट. आरंभ नेहमी पहिलीने करावा. १९४४ पासून चालत आलेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या दुर्बिणीतून आधी पाहून घेतले, तर अपेक्षाही वास्तवाला धरून राहतात.

शोधक दुर्बीण दिवसाउजेडी, दूरच्या झाडाच्या शेंड्यावर रोखून जुळवावी. पण सूर्याच्या दिशेस नळी कदापि वळवू नये: क्षणार्धात दृष्टी कायमची जाते, आणि नेत्रिकेत बसविण्याच्या काळ्या काचा उष्णतेने तडकतात, म्हणून त्याही वापरू नयेत. रात्री आरसा हवेच्या तपमानास येईपर्यंत आणि डोळे अंधारास सरावेपर्यंत अर्धा तास जाऊ द्यावा. उजेड लागलाच तर तांबडा. चंद्र पौर्णिमेस नव्हे, अष्टमीच्या सुमारास पाहावा, तेव्हा विवरांच्या सावल्या लांब पडतात. गुरूचे चार चंद्र रोज वहीत टिपावे. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने याहून पुष्कळ दुबळ्या दुर्बिणीतून हेच केले होते. येथील मुसळधार पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, तेव्हा जून ते सप्टेंबर नेत्रिका घट्ट डब्यात, सिलिका जेलसह ठेवाव्या, आणि आरसा फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा.

असे साधन एका घरापुरते राहावे, असे मात्र मला वाटत नाही. इतर शाळांची मुले आकाश दिसू लागण्यापूर्वीच घरी गेलेली असतात. जव्हार-मोखाड्यातील निवासी आश्रमशाळांची मुले रात्रीही शाळेतच असतात. शासनाने वा दानशूर व्यक्तींनी अशा प्रत्येक आश्रमशाळेस १५० मिलिमीटरची एक दुर्बीण, एक नोंदवही आणि ती वापरण्याचे शिक्षण घेतलेला एक शिक्षक देण्याची तजवीज करावी, तसेच आवारातील दिव्यांस वरून झाकणे बसवून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवावा.